जुन्या मोटारसायकलसाठी सीलबंद बॅटरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याच्या आधीचा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर ताडपत्रीखाली झोपलेली बुलेट, येझदी किंवा राजदूत बाहेर काढली जाते, धुतली जाते, झेंडूची माळही आणून ठेवलेली असते, आणि तेव्हा कळतं की हॉर्न वाजत नाही, किक मारून घाम फुटला तरी इंजिन दाद देत नाही. मग प्रश्न येतो, "ती पाणी घालायची कटकट नको, सीलबंद बॅटरी टाकू का?" मी पेशाने मेकॅनिक नाही. दोन जुन्या गाड्या सांभाळतो आणि त्या नादात बऱ्याच बॅटऱ्या मारून झाल्या आहेत. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

सीलबंद, मेंटेनन्स-फ्री, ड्राय, एजीएम, जेल. हे सगळं एकच का?

जवळजवळ. दुकानदार "ड्राय बॅटरी" म्हणतो, पण ती कोरडी मुळीच नसते. आत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल तेच असतं. फरक इतकाच की आम्ल मोकळं डुचमळत नाही. दोन प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंची गादी दाबून बसवलेली असते आणि आम्ल तिच्यात मुरलेलं असतं, समईच्या वातीत तेल मुरतं तसं. हीच एजीएम. जेल बॅटरीत त्याच आम्लाची खळ केलेली असते. मोटारसायकलच्या दुकानात "एमएफ" म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा एजीएमच असते.

पाणी का घालावं लागत नाही, हे समजून घेतलंत तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. कुठलीही शिशाची बॅटरी भरत आली की पाण्याचं विघटन सुरू होतं, पॉझिटिव्ह प्लेटवर ऑक्सिजन तयार होतो. जुन्या बॅटरीत तो बुडबुड्यांनी वर येऊन नळीवाटे निघून जायचा, हायड्रोजनही जायचा आणि पाण्याची पातळी उतरायची. एजीएममध्ये ऑक्सिजन त्या गादीतून निगेटिव्ह प्लेटपर्यंत पोचतो आणि तिथे त्याचं परत पाणी होतं. घरचं घरात राहतं. मात्र याला मर्यादा आहे. गॅस फार झाला की झाकणाखालची रबरी झडप उघडते, गॅस बाहेर जातो, आणि जे पाणी गेलं ते गेलं. परत भरायला तोंडच नाही.

माझ्या गाडीला मुळात बॅटरी लागतेच का?

हे गाडीवर अवलंबून आहे आणि इथे बरीच मंडळी फसतात.

राजदूत १७५ ची ठिणगी मॅग्नेटमधून येते, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकामुळे कॉइलमध्ये तयार होणाऱ्या विजेतून. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालते, हॉर्न आणि पार्किंगचा दिवा तेवढा जातो. यामाहा आरएक्स १०० ची सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) हीही मॅग्नेटच्या कॉइलवर चालते. तिथे बॅटरी लागते ती इंडिकेटर आणि हॉर्नसाठी. अशा गाडीत बॅटरी छोटी, काम हलकं, चुकीला माफी आहे. (जुन्या चेतकला तर बॅटरीच नसायची. रेस वाढवली की हॉर्न ओरडायचा, सोडली की कण्हायचा. ज्यांनी ऐकला आहे त्यांना कळेल.)

जुनी जावा-येझदी आणि पॉइंटवाली (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेली) बुलेट यांचं तसं नाही. ठिणगीचा करंट बॅटरीकडून कॉइलला जातो. बॅटरी बसली की गाडी बसली.

आणि राजदूत ३५० सर्वांत नखरेल. तिच्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नाही. फिरत्या भागातल्या वेटोळ्याला करंट दिला तरच त्याचं चुंबक होतं, आणि तो करंट बॅटरीतून येतो. म्हणजे बॅटरी पूर्ण मेली तर नुसती ठिणगी जात नाही, चार्जिंग करणारं यंत्रच जागं होत नाही. उतारावर ढकलून चालू करण्याचा उपाय तिथे चालत नाही. या गाडीच्या मालकांनी बॅटरीवर पैसे वाचवू नयेत.

पाण्याची बॅटरी काढून त्याच व्होल्टची, त्याच मापाची सीलबंद टाकली. झालं ना काम?

झालं असतं, पण गाडी कुठल्या काळातली आहे ते विसरू नका.

जुन्या गाडीतलं चार्जिंग हे अंदाजपंचे असायचं. डायनॅमोच्या गाडीत चार्जिंग सांभाळणारा कटआउट म्हणजे दोन वेटोळी, एक पत्ती आणि एक स्प्रिंग. चाळीस वर्षांत स्प्रिंग थकते, पॉइंट जळतात, कुणीतरी कधीतरी पत्ती वाकवून ठेवलेली असते. मॅग्नेटच्या कित्येक गाड्यांत तर रेग्युलेटर नावाची वस्तूच नाही, नुसता रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा). दिव्यांनी खाऊन उरेल तो करंट बॅटरीत. ब्रिटिश १२ व्होल्टच्या गाड्यांवर लुकासचा झेनर डायोड असायचा, जास्तीचा करंट उष्णता करून उडवणारा. तो ठीक असेल तर बरा, पण ठीक आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

पाण्याची बॅटरी हे सगळं पोटात घालायची. चार्जिंग जास्त झालं? पाणी उकळलं, महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घातलं, विषय संपला. रेग्युलेटरचं पाप आपण बाटलीभर पाण्याने धूत होतो आणि आपल्याला ते देखभाल वाटत होतं. सीलबंद बॅटरी ते पोटात घालत नाही. तिला जास्त व्होल्ट गेले की झडप उघडते, गादी सुकत जाते, आणि सहा-आठ महिन्यांत बॅटरी फुगते किंवा नुसतीच मरते. मग माणूस दुकानदाराशी भांडतो.

मी स्वतः भांडलो आहे. माझ्या येझदीत घातलेली पहिली सीलबंद बॅटरी पाच महिन्यांत गेली. दुकानदाराने बदलून दिली, दुसरी चार महिन्यांत गेली. तिसऱ्या वेळी त्याने काही न बोलता मीटर काढला, गाडी चालू करायला लावली, आणि काटा माझ्याकडे फिरवला. आठ व्होल्ट. सहाच्या बॅटरीला. मी गुपचूप पैसे देऊन घरी आलो.

म्हणून माझं सांगणं सर्वांना एकच असतं. बॅटरीच्या आधी मल्टिमीटर घ्या. बॅटरीपेक्षा स्वस्त आहे.

मोजायचं कसं?

बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. उतरलेली बॅटरी करंट ओढत राहते आणि व्होल्ट चढूच देत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. गाडी चालू करा, इंजिन गरम होऊ द्या. सगळे दिवे बंद करून हळूहळू रेस वाढवा, चौथ्या गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नच्या वेगाला जेवढी लागेल तेवढी, आणि तिथे थोडा वेळ धरा.

१२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ दरम्यान काटा थांबला तर निर्धास्त सीलबंद टाका. १४.८ च्या वर जायला लागला तर थांबा. ६ व्होल्टच्या गाडीत हेच आकडे निम्मे धरा. ६.९ ते ७.२५ उत्तम, ७.४ च्या वर धोका. जेल असेल तर आणखी जरा खालीच राहिलेलं बरं, तिला जास्त व्होल्ट एजीएमइतकेही चालत नाहीत.

मग उलटी तपासणी करा. हेडलाइट लावा, रेस मध्यम ठेवा. आता व्होल्ट नुसत्या बॅटरीच्या व्होल्टपेक्षा खाली गेले तर दिवा लावून चालवताना बॅटरी भरत नाही, उतरते. बुलेटवाल्यांना हे मीटरशिवायही दिसतं. हेडलाइटच्या टोपात जो छोटा अँमीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा काटा) आहे तो शोभेचा नाही. दिवा लावून आयडलला काटा मायनसकडे झुकणारच. पण रेस दिली तरी तो प्लसमध्ये येत नसेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही.

एक सूचना: स्वस्त डिजिटल मीटर पॉइंटच्या ठिणगीने बिथरतो, आकडे वाटेल तसे नाचतात. तसं झालं तर गाडी बिघडली असं समजू नका. काट्याचा जुना मीटर मागून आणा किंवा प्लगला रेझिस्टरची टोपी लावून पुन्हा बघा.

व्होल्ट जास्त येतात. आता?

डायनॅमोची गाडी असेल तर आतून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर टाका. जुन्या कटआउटच्या डबीतच मावणारे बनवणारे लोक आहेत. बाहेरून डबी तशीच दिसते. यांत्रिक कटआउट सेट करून घेता येतो, पण तो हात असलेले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन कमी झालेत. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा असेल तर त्याला धरून ठेवा.

मॅग्नेटची गाडी असेल तर काम सोपं आणि स्वस्त. १०० सीसीच्या गाड्यांना येतं ते १२ व्होल्टचं चार पिनांचं आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट जोडून घेता येतं. गाडी ६ व्होल्टची असेल तर हे युनिट तसंच चालणार नाही, ६ व्होल्टचंच बघा. कोणत्या वायरवर काय येतं हे मेकॅनिकला माहीत असल्याची खात्री करा. कॉइलचं एक टोक बॉडीला असतं तेव्हा आणि नसतं तेव्हा जोडणी वेगळी होते.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर सरळ पाण्याचीच बॅटरी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

मग सीलबंदचा सोस करायचाच कशाला?

आम्लाच्या नळीसाठी. पाण्याच्या बॅटरीची ती पारदर्शक नळी कधी निसटते, कधी चेपते, आणि आम्लाचे थेंब चेसिसवर, चेनवर, सायलेन्सरच्या क्रोमवर पडत राहतात. रंगावर आणि क्रोमवर हजारो रुपये घातलेल्या माणसाला विचारा, त्या नळीबद्दल त्याला काय वाटतं. शिवाय महिना महिना उभी राहणारी गाडी असेल तर एजीएमचा चार्ज आपोआप उतरण्याचा वेग बराच कमी असतो. चार्जिंग ठीक असेल तर सीलबंदच घ्या, असंच मी म्हणेन.

६ व्होल्टची सीलबंद बॅटरी मिळतच नाही! दुकानदार हसतात.

मोटारसायकलच्या दुकानात मागाल तर हसणारच. ती वस्तू दुसऱ्या गल्लीत मिळते. इमर्जन्सी दिवा, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, मुलांची बॅटरीवर चालणारी गाडी या सगळ्यांत ६ व्होल्टची सीलबंद शिशाची बॅटरीच असते. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या नाना पेठेऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

दोन मापं लक्षात ठेवा. ६ व्होल्ट ४.५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप): सुमारे ७० मिलिमीटर लांब, ४७ रुंद, शंभरेक उंच. राजदूतसारख्या मॅग्नेटच्या गाडीला ही पुरते. दुसरी ६ व्होल्ट १२ एएच: १५१ लांब, ५० रुंद, टर्मिनल धरून शंभरच्या आसपास उंच. जावा-येझदीसारख्या डायनॅमोच्या गाडीला ही घ्या. माझ्या येझदीत हीच आहे, रबराचे तुकडे घालून घट्ट बसवलेली.

१२ व्होल्टच्या गाडीला यूपीएसची ७ एएचची बॅटरी चालेल का? स्वस्तात होतं.

किकवरच्या गाडीला चालते. सेल्फच्या गाडीला नाही.

यूपीएसची बॅटरी तासन् तास थोडा थोडा करंट द्यायला बनवलेली असते. सेल्फची मोटर क्षणभरासाठी भरमसाट करंट ओढते, ते तिला झेपत नाही. दोन-चार वेळा झेपल्यासारखं वाटतं, मग बसते. बुलेटच्या सेल्फवाल्या यूसीई (नव्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनच्या) गाड्यांना १२ व्होल्ट १४ एएचची मोटारसायकलचीच बॅटरी लागते, तिथे जुगाड नको.

किकच्या बुलेटमध्ये मात्र ही ७ एएच बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं चालवली आहे. माप १५१ बाय ६५ मिलिमीटर आणि उंची ९४, टर्मिनलसह शंभर. पेटीत जाते का ते आधी पुठ्ठ्याचा डबा कापून बघा. अडचण दोन ठिकाणी येते. एक, टर्मिनल चपट्या पात्याचं असतं, ४.८ किंवा ६.३ मिलिमीटरचं, आणि बुलेटच्या हादऱ्याने जाड ताठ वायर त्या पात्याला हलवून हलवून मोडते. म्हणून बारीक तारांची लवचिक वायर, व्यवस्थित क्रिंप केलेली, आणि वायरला आधार. पात्यावर थेट डाक देऊ नका, उष्णतेने खालचं सील वितळतं. दोन, खाली आणि बाजूंनी रबर हवं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे यासाठी उत्तम.

लेबलवर ७ एएच लिहिलेलं असतं ते वीस तासांच्या हिशेबाने. मोटारसायकलच्या बॅटरीचे एएच दहा तासांच्या हिशेबाने असतात. म्हणजे यूपीएसची ७ ही मोटारसायकलच्या ७ पेक्षा किंचित लहानच समजा.

एएच जास्त घेतले तर बॅटरी जास्त टिकेल ना?

हौद मोठा बांधला म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. मोठ्या बॅटरीने गाडीचं काही बिघडत नाही. पण नळ बारीक असेल तर हौद कायम अर्धवटच राहतो, आणि शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. तो कडक झाला की क्षमता परत येत नाही.

जावाचाच हिशेब करू. डायनॅमो ६ व्होल्ट, ४५ वॅटचा, तोही चांगल्या रेसला. हेडलाइट ३५, टेललाइट ५, इग्निशन कॉइल पंधरा धरा: झाले पंचावन्न. ब्रेकचा दिवा आणि हॉर्न अजून धरलेच नाहीत. म्हणजे रात्री शहरात चालवलीत की खर्च जमेपेक्षा जास्त. इथे २० एएच घालून काय करणार? मूळ गाडीला होती तेवढीच किंवा जवळपासची घ्या, आणि टेललाइट-पार्किंगला एलईडी लावून खर्च कमी करा. राजदूत ३५० ला कंपनीची मूळ ५.५ एएच होती, आरएक्स १०० ला २.५ पुरते. आकडा थोडा वर गेला तर चालेल, दुप्पट नको.

लेबलवरची अक्षरं कशी वाचायची?

जपानी पद्धतीची नावं सगळीकडे चालतात, भारतीय कंपन्याही थोड्या फरकाने तीच वापरतात. ६एन४ म्हणजे ६ व्होल्ट ४ एएच, १२एन५.५ म्हणजे १२ व्होल्ट साडेपाच, आणि मध्ये एन असलेल्या या सगळ्या पाण्याच्या. वायटीएक्स किंवा वायटीझेड असेल तर सीलबंद. मात्र तिथला आकडा म्हणजे एएच नव्हे: वायटीएक्स ९ प्रत्यक्षात ८ एएचची आहे आणि वायटीएक्स ५एल ४ ची. एल अक्षर असेल तर पॉझिटिव्ह टर्मिनल उजवीकडे, बॅटरी टर्मिनलच्या बाजूने समोर धरली असता. ही बाजू बघायला विसरू नका. वायर पुरत नाही म्हणून ओढूनताणून बसवताना उलटसुलट जोडणी होते आणि रेक्टिफायर त्याच क्षणी जातो.

शेवटी बीएस असेल तर आम्लाची बाटली सोबत वेगळी येते. दुकानातच भरून घ्या, पूर्ण बाटली रिकामी होऊ द्या, किमान अर्धा तास मुरू द्या आणि मग चार्ज करा. झाकणाची पट्टी एकदा दाबून बसवली की पुन्हा उघडायची नाही.

माझी बीएसए आहे. मेकॅनिक म्हणतो बॅटरीचा प्लस बॉडीला जातो. हा चुकतोय का?

बरोबर सांगतोय, त्याला सोडू नका. त्या काळातल्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे प्लस बॉडीला जोडलेलं, असायचं. सीलबंद बॅटरीला याने काही फरक पडत नाही, ती कशीही जोडा. मात्र नंतर कुणी वायरिंग बदलून निगेटिव्ह अर्थ केलेलं असू शकतं. त्यामुळे पुस्तकात काय आहे यापेक्षा तुमच्या गाडीत आज काय आहे ते बघा, आणि जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुकानात काय बघून घेऊ?

तारीख. डब्यावर किंवा बॅटरीवर ठसा असतो, सांकेतिक असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जुनी, भरून ठेवलेली बॅटरी नको. मीटर खिशात असेलच. नुसत्या बॅटरीवर १२.८ च्या आसपास आलं तर उत्तम, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. ६ व्होल्टला ६.४ हवेत. मांडणीवर धूळ खात पडलेली बॅटरी स्वस्तात देऊ केली तर ती स्वस्त नाही.

घरी चार्ज कसा करू?

करंट एएचच्या दहाव्या भागाइतका. ५ एएचला अर्धा अँपिअर. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणारा चार्जर, ज्याला व्होल्टची मर्यादा नाही, त्याच्याजवळ सीलबंद बॅटरी नेऊसुद्धा नका. एका रात्रीत सुकवतो. स्वयंचलित छोटा चार्जर घ्या, ६ आणि १२ दोन्हीचा मिळतो. कळ योग्य व्होल्टवर आहे ना, हे दोनदा बघा.

पेटीत उभी मावत नाही. आडवी ठेवली तर?

एजीएम कुशीवर चालते. उलटी, डोक्यावर नको.

गाडीचं जुनं रूप बिघडतं. काळ्या रबरी डब्याची शान वेगळीच.

मान्य. जुना मेलेला बॅटरीचा डबा फेकू नका, पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एखादा सापडेलही. आम्ल काढून घ्यायचं, डबा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बुडबुडे थांबेपर्यंत धुवायचा, आतल्या प्लेटा काढायच्या आणि छोटी सीलबंद बॅटरी आत बसवून वायरी जुन्या टर्मिनलपर्यंत न्यायच्या. वरून बघणाऱ्याला कळत नाही. काम करताना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि ती शिशाची भुकटी घरात, विशेषतः मुलांच्या आसपास, अजिबात नको. प्लेटा काढायचं काम भंगारवाल्याच्या हातीही देऊ नका. नुसता रिकामा डबा मिळाला तर जास्त बरं.

त्यापेक्षा गाडीच १२ व्होल्टची करून घेऊ का?

ज्यांना रात्री चालवायची आहे त्यांनी जरूर विचार करावा. बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल, रेग्युलेटर, सगळं बदलावं लागतं. ६ व्होल्टचा डायनॅमो योग्य इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून १२ देऊ शकतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं. म्हणजे शहरातल्या मंद चालीत चार्जिंग उशिरा सुरू होतं. रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणाऱ्याला ६ व्होल्ट पुरेसे आहेत, असं माझं मत. ते पटलं नाही तरी चालेल.

लिथियम?

हलकी, सुंदर, आणि चार्जिंगच्या बाबतीत एजीएमपेक्षाही काटेकोर. पक्का इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नसलेल्या गाडीत घालू नका, तिथे प्रश्न पैसे जाण्याचा नाही, आग लागण्याचा आहे. आणि दीडशे-पावणेदोनशे किलोच्या बुलेटमधून दोन-तीन किलो कमी करून कुठली शर्यत जिंकायची आहे?

किती वर्षं टिकते?

चार्जिंग ठीक असेल आणि बॅटरी वारंवार पूर्ण उतरू दिली नाही तर तीन-चार वर्षं सहज मिळतात. यात उन्हाचा वाटा मोठा आहे. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला गाडी उन्हात उभी करणारा आणि महाबळेश्वरला शेडमध्ये ठेवणारा यांची बॅटरी सारखी टिकणार नाही. कोकणात आणि गोव्यात उष्णतेच्या जोडीला खारी हवा. तिथे टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते, ती सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडं करून व्हॅसलीनचं बोट फिरवा.

जून ते सप्टेंबर गाडी उभी असते. बॅटरीचं काय करू?

काढून घरात ठेवा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर उलटं. थोडक्यात, बॉडीला गेलेली वायर आधी, म्हणजे पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी उडत नाही. पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हे जुन्या लाकडी-रबरी डब्यांच्या काळातलं ज्ञान आहे, आजच्या प्लास्टिकच्या डब्याला लागू नाही. आईने फळीवर ठेवायला सांगितलं तर मात्र ऐका, घराच्या शांततेसाठी. गणपतीत एकदा आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी एकदा व्होल्ट बघा. १२.५ च्या खाली गेलेली दिसली तर चार्जरला लावा.

"आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करतो" असं बरेच जण अभिमानाने सांगतात. आयडलवर पाच मिनिटांत बॅटरीत फारसं काही जात नाही; किक मारून पॉइंट-कॉइलने खाल्लेलंही धड भरून निघत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. चालू करायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर घेऊन जा.

मेलेली बॅटरी कुठे टाकू?

टाकू नका, परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार नवीन बॅटरीच्या किमतीत काही रुपये वळते करून देतो. घासाघीस करायची जागा तीच. फक्त देण्याआधी तिचं माप आणि टर्मिनलची बाजू लिहून घ्या, आणि मूळचे नट-बोल्ट व पट्टा काढून ठेवा. मी ते एकदा बॅटरीसोबतच देऊन बसलो होतो, आणि तो पट्टा मला अजून मिळालेला नाही.